बाबांच्या गाडीचं मिसिंग

नीट चालणाऱ्या गाडीचे किस्से होत नाहीत. ती निघते, पोचते, विषय संपला. आमच्या सौंसरच्या अंगणातली गाडी मात्र माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे आहे आणि अर्धा वेळ तिथेच असते. त्यामुळे किस्से इतके साठलेत, की स्टाफरूममध्ये मधली सुट्टी पुरत नाही. बाकीच्या मॅडम सासूच्या गोष्टी सांगतात, मी गाडीच्या सांगते.

गाडी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे बाबांची. तहसील ऑफिसातून रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, आणि गाडी त्यांच्या नोकरीच्या भरातली, कार्बोरेटरच्या जमान्यातली. तिला आजार एकच, मिसिंग. चार सिलिंडरपैकी एखादा मध्येच काम सोडतो आणि गाडी उचक्या देत चालते. आजार एक, तसा डॉक्टरही एक. मोहगावचे देवराव मिस्त्री.

*

देवराव मिसिंग कानानं ओळखतात. बोनेट उघडायचं, इंजिन चालू करायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. त्या वेळी अंगणात कोणी बोलायचं नाही.

लग्नानंतरचा माझा पहिलाच महिना. स्वयंपाकघरात कुकर लावलेला. बाहेर इंजिनाची घरघर आणि आत कुकरची शिट्टी. देवराव खिडकीशी आले आणि फार अदबीनं म्हणाले, "सूनबाई, कुकर बंद करा जी. तीन नंबर ऐकू येऊन नाही राहिला."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "कर बंद."

त्या दिवशी आम्ही कच्चा भात खाल्ला. मिसिंग चार नंबरमध्ये निघालं.

*

कानानं नाही जमलं तर दुसरी रीत. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर आवाज बदलला तर तो सिलिंडर कामाचा. नाही बदलला तर दोषी तोच.

माझे मिस्टर, विनोद, यांना एकदा मदतीचा झटका आला. "काका, मी धरतो," म्हणाले आणि देवराव थांबा म्हणेपर्यंत त्यांनी काढलेल्या वायरचं टोक चिमटीत धरलंसुद्धा. पुढच्या क्षणी विनोद तुळशीपाशी होते. कसे पोचले ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मी धावले, बाबा धावले. देवरावांनी मात्र मान डोलावली आणि शांतपणे म्हणाले, "करंट बराबर येऊन राहिला. म्हंजे प्लगच गेला."

प्लग बदलला, गाडी ठीक झाली. तेव्हापासून विनोद गाडीपासून चार हात लांब असतात. गाडीबद्दल त्यांचं मत वाईट झालं ते इथूनच.

*

आता माझी पाळी. खोटं कशाला सांगू, एक मिसिंग मी स्वतः केलं.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची पूजा बोनेट उघडून करतात. बाबांचं म्हणणं, बाहेरचा पत्रा काय पुजायचा, काम तर आतलं मशीन करते. मीही हौसेनं हळदकुंकू पाण्यात चांगलं पातळ कालवलं आणि दिसेल त्या वस्तूला बोट लावलं. बॅटरीला, रेडिएटरला, प्लगच्या वायरींना. मधोमध एक काळी डबी होती, तिच्यातून वायरी चहूकडे गेलेल्या. हीच मुख्य देवता असणार असं वाटून तिच्यावर उरलेली वाटी वाहिली.

दुसऱ्या दिवशी गाडी अशी उचक्या द्यायला लागली की फाटकापर्यंत जाईना. देवराव आले. कान लावला, वायरी काढल्या, प्लग घासले. शेवटी त्या डबीवर बोट फिरवून त्यांनी बोटाचा वास घेतला. ती डबी म्हणजे डिस्ट्रिब्युटर, चारही सिलिंडरना करंट वाटणारी. करंट वायरीतून जायचा सोडून माझ्या ओल्या कुंकवावरून पळत होता.

"सूनबाई," देवराव म्हणाले, "देवाले लावा, माणसाले लावा. ह्याले नोका लावू."

मग त्यांनी एअर फिल्टरच्या झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं रुपयाएवढा गोल काढून दिला. कुंकू इथे. तो गोल अजून आहे आणि दसऱ्याला सबंध घर त्या गोलापुढे हात जोडतं.

*

जामसांवलीचा किस्सा घरात अजून मिटलेला नाही.

शनिवारी बाबा मारुतीच्या दर्शनाला निघाले, सोबत देवराव आणि मी. जाताना गाडीनं सगळ्या रस्त्यात उचक्या दिल्या. आम्ही दर्शनाच्या रांगेत लागलो, देवराव गाडीपाशी थांबले. परत येताना गाडी अशी पळाली की विचारू नका.

बाबांनी स्टिअरिंगला हात जोडले. "मारुतीची कृपा."

"म्या प्लग साफ केले ना बाबूजी," देवराव मागच्या सीटवरून म्हणाले.

"ते निमित्त."

"निमित्ताले अर्धा घंटा लागला."

दोघं घरापर्यंत बोलले नाहीत. प्रसाद मात्र एकाच पुडीतून खात होते. पुढच्या शनिवारी बाबांनी तोड काढली. या वेळी देवरावांनीही दर्शनाला यायचं, गाडीला हात लावायचा नाही, म्हणजे कोणाचं काम ते कळेल. त्या दिवशी गाडी जाताना आणि येताना, दोन्हीकडे मिसिंग करत आली.

*

मग विनोदनी नवी गाडी घेतली. तिच्यात काही बिघडलं की नागपूरला नेतात, तिथे तिला कॉम्प्युटर जोडतात. देवरावांना हे कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "गाडीले विचारत नाहीत, कंपुटरले विचारतात." त्यानंतर त्या गाडीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

पण जमाना कॉम्प्युटरचाच आला. देवरावांच्या गॅरेजमध्ये काम येईना आणि एक दिवस त्यांनी ते बंद केलं. आणि गंमत पाहा, तेव्हापासून बाबांच्या गाडीला दर सोमवारी मिसिंग व्हायला लागलं. बरोबर सोमवारी. बाबा फोन करायचे, "देवराव, पुन्हा करून राहिली." देवराव पान्यांची पेटी घेऊन बसनं यायचे, दोन तास बोनेटमध्ये डोकं घालायचे, जेवायचे आणि दुपारच्या बसनं जायचे.

एका सोमवारी मी रजेवर होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तर बाबा चपला न घालता अंगणात आले. इकडेतिकडे पाहिलं, बोनेट उघडलं, तीन नंबरची वायर प्लगवरून अलगद उचलली, बोनेट लावलं आणि आत येऊन फोन केला.

देवराव आले. चहा द्यायला मी मुद्दाम बाहेर गेले. त्यांचा हात थेट तीन नंबरवर होता.

"सापडलं का काका?"

देवरावांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओट्यावर बसलेल्या बाबांकडे. "नाही ना सूनबाई. टाइम लागन."

ही दोन म्हातारी माणसं एकमेकांकडे नुसतीच बसायला कधी गेली नसती. बाबूजींच्या घरी मिस्त्री बिनकामाचा कसा येणार, आणि काम नसताना मिस्त्रीला बाबूजी बोलावणार कसे? त्यांना मध्ये एक बिघडलेली गाडी लागत होती. मी कोणालाच काही बोलले नाही.

*

आणि तेव्हाच विनोदनी बाबांची गाडी विकायला काढली. त्यांचंही चुकत नव्हतं. नवी गाडी रस्त्यावर उन्हात उभी आणि अंगण अडवून ही. पांढुर्ण्याचे एक कापडाचे व्यापारी, जुन्या गाड्यांचे शौकीन, घ्यायला तयार झाले. रविवारी सकाळी येऊन चालवून पाहणार होते.

बाबांना विचारलं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "विका." त्या आठवड्यात ते अर्ध्या भाकरीवर उठायला लागले. सोमवारी फोनही केला नाही. विनोदनी दोन-तीनदा त्यांच्या ताटाकडे पाहिलं. गाडी गेली की देवरावांचं येणं संपणार, आणि बाबांकडे दुसरं कोणीच येत नाही, हे मला रात्रंदिवस दिसत होतं.

रविवारी व्यापारी आले. गाडी दाखवायला म्हणून देवरावांनाही बोलावलं होतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि बाबांच्या शेजारी ओट्यावर बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

"इंजिन फिट आहे ना?" व्यापाऱ्यांनी विचारलं.

"एकदम," बाबा म्हणाले.

"बिलकुल," देवराव म्हणाले.

व्यापारी बसले, चावी फिरवली. इंजिन गरगर फिरलं, पण पकडेना. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. एरवी ही गाडी मिसिंग का होईना, चालू तर व्हायची. पाचव्या खेपेला ते उतरले आणि देवरावांनी बोनेट उघडलं. मी जाऊन त्यांच्या बाजूला उभी राहिले.

चारपैकी तीन वायरी निघालेल्या होत्या.

देवराव व्यापाऱ्यांच्या आड येऊन आत वाकले. व्यापाऱ्यांना राहवेना. "काय झालं मिस्त्री?"

"मोठं काम हाय जी," देवराव म्हणाले. "हिले दर आठवड्याले पाहावं लागन. तुमाले पांढुर्ण्याहून नाही जमणार."

व्यापारी चहा घेऊन गेले. फाटक लागल्यावर देवरावांनी बाबांना हाक मारली. बाबा आले, आत वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"तीन नंबर तं समजलो बाबूजी," देवराव हळूच म्हणाले. "बाकीच्या दोन कोणाच्या?"

"दोन नंबरची माझी," मी म्हटलं.

मग आम्ही तिघंही चार नंबरकडे पाहत राहिलो. विनोद तुळशीपाशी, गाडीपासून चांगले चार हात लांब उभे होते, आणि काळी झालेली बोटं खिशात लपवत होते.