नमुन्याचा निकाल

मी बीडला घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. वेबसाइटचे सुटे भाग, म्हणजे बटण, तक्ता, सूचनेचं कार्ड, एका पानावर मांडायचे आणि प्रत्येक भाग कोणत्या प्रसंगी कसा दिसेल ते दाखवायचं, एवढंच ते काम. नमुन्यासाठी आम्ही घरच्यांची पूर्ण नावं टाकतो. बापाच्या नावासकट आडनाव कार्डात मावतं की नाही, ते त्यातून कळतं.

त्या दिवशी नोकरभरतीच्या कार्डावर पुतणीचं नाव होतं. तिनं खरोखरच एका भरतीची परीक्षा दिली होती आणि निकाल यायचा होता. सिरसाळ्याहून तिला घेऊन आलेल्या तिच्या बापानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, माझ्या पाठीमागे उभं राहून हिरवं कार्ड वाचलं, ‘अभिनंदन, आपली निवड झाली आहे.’ मला न विचारता तो गल्लीभर पेढे वाटून आला.

मी त्याला पान खाली सरकवून दाखवलं. त्याच नावाचं पिवळं कार्ड प्रतीक्षेचं होतं आणि लाल कार्ड नकाराचं.

"दादा, हा नमुना हाय. निकाल लागलाच न्हाई अजून."

"मग लोकाला काय सांगू बे आता?" पुतणी दारात उभी होती. तिच्यादेखत त्यानं लाल कार्डावर बोट ठेवलं. "हेच खरं हाय. हिच्यानं कदी काय झालंय? नापास झाली म्हणून सांगतो, विषय संपला."

तो तसं सांगायला गेलाही. पुतणी माझ्याजवळ आली.

"काका, माझं नाव काढा."

"कोणाचं टाकू?"

"पप्पांचं. लाल कार्डात मावतंय का बघा."

मी टाकलं. मावलं.