खटक्यावरची गाठ

बायको तापानं गेली. तिचे दिवस झाले आणि मुकादम दारात. म्हणाला, काकीची कारखान्यातली जागा सुनेला देतो. मला तेव्हाच संशय आला. कारखानेवाला एवढा मायाळू कधीपासून झाला? पण मुलगा सुरतेला, घरात बसून सुनेनं काय करायचं? गेली ती कामाला.

कारखाना मिरचीचा. सुक्या मिरच्या पट्ट्यावरून पुढे सरकतात आणि शेवटी दोन फिरत्या रुळांमधून खाली दळायला पडतात. त्या रुळांवर लोखंडी जाळी आहे. जाळी नीट बसली की तिच्याखालचा खटका दाबला जातो आणि मशीन चालतं. जाळी उचलली की खटका सुटतो आणि मशीन थांबतं. हे मला बायकोनंच सांगितलं होतं, भाकरी थापता थापता. "मशीन शाणं शे," म्हणायची. मी म्हणायचो, शाणं मशीन मी अजून बघितलं नाही, शाणा मालक तर त्याहून नाही. ती हसायची आणि तव्यावरची भाकर उलटायची.

मी रोज दुपारी सुनेची भाकर घेऊन जायला लागलो.

"बाबा, मी सकायीच लई जासू ना. तुम्ही उनमा काबर येतस?" ती म्हणायची.

गरम खा, एवढंच मी सांगायचो. खरं म्हणजे मला ते मशीन बघायचं होतं. बायको ज्याच्यापुढे उभी राहायची ते, आणि आता ज्याच्यापुढे सून उभी राहते ते.

फाटकावर सुरक्षेची पाटी आहे, रंग अगदी ताजा. ताजा रंग दिसला की माझं डोकं फिरतं. कोणी तरी तपासायला येऊन गेलेलं असतं, नाही तर येणार असतं. आत खुंटीवर तोंडाला बांधायच्या पट्ट्या, कोऱ्या करकरीत. बाया तोंड बांधतात आपल्या पदरानं.

एक दिवस मी पोचलो तेव्हा रुळात देठांचा गुंता अडकला होता. सुनेनं जाळी उचलली आणि हात आत घातला. रूळ फिरतच होते.

मी असा ओरडलो की शिंकणाऱ्या बाया शिंकायच्या थांबल्या. सुनेनं हात मागे ओढला. रुळाला लागून बांगडी फुटली होती आणि मनगटावर रक्ताचा थेंब आला होता.

मुकादम धावत आला. "काय व्हयनं काका? साप निंघना का?"

"साप नही, तुन्हं पाप निंघनं. जाळी उघडी शे, मंग मशीन चालू कसं?"

मी वाकून बघितलं. खटका कापडाच्या चिंधीनं आवळून बांधलेला. म्हणजे जाळी बसो की उघडो, मशीनला कळणारच नाही. चिंधीवर कुंकवाचे थर, वर एक वाळलेलं झेंडूचं फूल खोवलेलं. मी हात लावायला गेलो तर शेजारची बाई ओरडली, "हात नका लावू! पूजाना दोरा शे तो!"

दसऱ्याला मशीनची पूजा झाली तेव्हापासून सगळ्या बाया रोज सकाळी त्या चिंधीच्या पाया पडत होत्या. मी सुनेकडे बघितलं. तिनं मान खाली घातली.

"कोनी बांधा?" मी विचारलं.

मुकादम रुळांकडे बघायला लागला. मी मनात म्हटलं, हाच तो.

"काकीनी बांधेल शे," तो म्हणाला.

"मरेल माणूसवर ढकलनं सोपं ऱ्हास," मी म्हणालो. हात उचलला असता, पण बायकोच्या शेजारी वर्षानुवर्षं देठं खुडत बसणारी एक म्हातारी तेवढ्यात बोलली.

"खरं शे भाऊ. जाळी वाकेल व्हती. खटका सारखा सुटे, मशीन बंद पडे, आन हाऊ मुकादम आमनावर भुके. जाळी सरळ कराले कोनी उनं नही. मंग तिनी बांधं. पन हात घालाना पहिले ती दोरा वढे, मंगच जाळी उघाडे. ती गयी आन दोरा तसाच ऱ्हायना. आम्ही म्हटलं, तिन्ही आठवण शे."

मुकादमासमोर बोलत होती, म्हणून माझा विश्वास बसेना. मी पुन्हा वाकलो. चिंधीला एका कानाची, टोक ओढलं की सुटणारी गाठ होती. माझ्या भाकरीच्या फडक्याला बायको जन्मभर तशीच गाठ मारायची, शेतात मला एका हातानं सुटावी म्हणून. घरातल्या तिच्या सगळ्या गाठी मी सोडून बसलो होतो. गोधड्यांचं गाठोडं, बियाण्याची पुरचुंडी, सगळं. ही एवढीच राहिली होती.

ती सोडायला हात होईना. मागे सून पदरानं रक्त पुसत होती.

मी मोकळं टोक धरून ओढलं. एका झटक्यात सुटली. मशीन थांबलं.

"आते काम कसं व्हई?" मुकादम करवादला.

"जाळी सरळ करी दे, मंग व्हई. तवलोंग मन्ही सून हात लावाव नही."

मिस्तरी आला, जाळी काढली, हातोडीनं ठोकली, परत बसवली. सुनेची भाकर खाऊन झाली नव्हती तोवर त्याचं काम झालंसुद्धा. एवढ्याशा कामाला माझ्या बायकोला चिंधी बांधावी लागली होती.

सून म्हणाली, बाबा, ही चिंधी देव्हाऱ्यात ठेवू. मी म्हटलं, नको, पाया पडता पडताच तुझा हात गेला असता. चिंधी घरी आणून धुतली. लाल रंग काही गेला नाही, कुंकवाचा की मिरचीचा कोण जाणे. आता भाकरीचं फडकं मी त्या चिंधीनंच बांधतो. बायकोसारखी गाठ मला जमत नाही. सुनेला दातानं सोडावी लागते, आणि ती मला बोलते.

मी अजून रोज जातो. आधी तिला जाळी उचलायला लावतो, मशीन थांबलेलं बघतो, मग भाकर देतो. मुकादम हसतो. हसू दे.

काल खटक्याजवळ मला सुतळीचा तुकडा दिसला. नुसता पडलेला होता. मी उचलून खिशात घातला.