डोडोला एक वाक्य

दोह्याला मुलाकडे आले त्याला आता तिसरं वर्ष. अल मन्सूरा भागात एका जुन्या इमारतीत आम्ही चौघं राहतो, मुलगा, सून, सात वर्षांची नात आणि मी. नातीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत. मी मराठीत रागावते, ती इंग्रजीत उलटून बोलते.

तिच्या शाळेत देशांचा कार्यक्रम होता. शाळा भारतीय मुलांची, त्यामुळे भारत सगळ्यांनाच हवा. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि हिच्या वर्गाला मॉरिशस आला. समुद्रातलं एवढंसं बेट. झेंड्याचे चार पट्टे म्हणून चार मुलं उभी केली. त्यातला निळा पट्टा म्हणजेच समुद्र, तरी समुद्र म्हणून एक मुलगी वेगळी. एक मुलगा ऊस झाला. प्रत्येकाला एकेक वाक्य बोलायचं होतं. नातीला त्या देशाचा पक्षी केलं, डोडो. त्याला वाक्य नव्हतं. त्याने चालत यायचं आणि आडवं पडायचं.

पोर दोन दिवस धड जेवली नाही. "आजी, इव्हन शुगरकेन हॅज अ लाइन!" म्हणजे उसालासुद्धा वाक्य आहे.

मी मुलाला विचारलं, हा कुठला मुका पक्षी?

"मुका नाही गं आई. आता उरलाच नाही तो. बोटीतून लोक आले, त्यांनी खाल्ला. त्यांच्या डुकरांनी अंडी खाल्ली. संपला. आता देशाच्या चिन्हावर नुसतं चित्र लावतात."

"मग त्याचं चित्र कशाला लावतात?"

"मान म्हणून."

"खाताना नव्हता का मान?"

"आई, मी नाही खाल्ला."

नात शेजारी बसून ऐकत होती.

सोंग मलाच शिवायचं होतं. सून म्हणाली, "आई, तुमची ती गोधडी घ्या ना." गावाहून आणलेली माझी गोधडी मी आल्यापासून तिच्या डोळ्यांत सलत होती. घेतली. पोटात मुलाची जुनी पँट कोंबली. पिवळं नरसाळं गरम करून टोकाला वाकवलं, ती चोच. सगळं घातल्यावर पोर खुडुक कोंबडीसारखी दिसायला लागली. सून हसून हसून खुर्चीत बसली. पोर आरशापुढे उभी राहून विचारत होती, हा बोलणार का?

सोंग दाखवायला शाळेत बोलावलं तेव्हा मी वर्गाच्या बाईंना गाठलं. बाई केरळच्या. त्यांची हिंदी मोडकी, माझीही मोडकी, त्यामुळे कुणी कुणाला हसलं नाही.

"मॅडम, इसको एक वाक्य दो."

"माताजी, डोडो मर गया है. मरा हुआ कैसे बोलेगा?"

"गन्ना कैसे बोलता है? झंडा कैसे बोलता है?"

"वो सिंबल है."

"तो ये क्या है?"

मग मी त्यांना सासऱ्यांच्या दहाव्याचं सांगितलं. पिंडाला दीड तास कावळा शिवला नाही. गोड पदार्थ कबूल केले, नातवाचं लग्न कबूल केलं, कावळा फांदीवरच. शेवटी दीर ओरडला, बांधावरचं आंब्याचं झाड तोडणार नाही! तेव्हा आला. जिवंतपणी त्या माणसाचं एक कुणी ऐकलं नव्हतं. मेल्यावर सगळं गाव हात जोडून उभं.

बाईंनी डोडोकडे पाहिलं. म्हणाल्या, "हमारे यहाँ भी कौआ ही आता है." मग म्हणाल्या, "ठीक है. एक वाक्य. छोटा."

वाक्य मिळालं ते असं, मी डोडो आहे, धन्यवाद. इंग्रजीत. पोर आठवडाभर ते घोकत होती, न्हाणीघरातसुद्धा.

कार्यक्रमाच्या दिवशी झेंडा बोलला, समुद्र बोलला, ऊस अडखळत बोलला. मग माझी गोधडी डुलत डुलत आली. माइकपुढे थांबली. घोकलेलं विसरली. नरसाळं खाली करून इकडे तिकडे पाहिलं, मला शोधलं आणि मराठीत ओरडली,

"मला खाल्लं आणि आता चित्र लावता! खाताना नव्हता का मान?"

आणि धाडकन आडवी पडली.

सभागृहात फारसं कुणाला मराठी कळलं नाही. मागे उभा असलेला शाळेच्या बसचा ड्रायव्हर रत्नागिरीचा, तो एकटा खो खो हसला. "बरोबर बोललीस गो बाय!" पुढे पाहुण्या म्हणून आलेल्या कतारी बाईंनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. वर्गाच्या बाईंनी माइक घेऊन सांगितलं, हे मॉरिशसच्या लोकांच्या भाषेत होतं. मुलगा माझ्या कानात म्हणाला, तिकडे मराठी माणसं आहेत खरंच. म्हणजे बाई खोटं बोलल्या नाहीत.

गाडीत बसल्यावर पोरीने पाणी मागितलं, इंग्रजीत. घरी आल्यावर तीन पोळ्या खाल्ल्या.

डोडो आता कपाटावर बसलाय. मी पोट उसवून गोधडी परत घेणार होते, पण पोर हात लावू देत नाही. परवा झाडताना सून म्हणाली, "आई, हा कधी जाणार इथून?"

मी म्हटलं, "त्याला विचार."