चावी देवापुढे होती

मला घाण बघवत नाही. लग्न होऊन शहापूरला आले तेव्हा सासरी एक लॉरी होती. मुरबाडचा भात आसनगाव स्टेशनवर आणायची. तिच्या इंजिनावर बोटभर तेलकट मळ साचलेला, आणि तो बघून माझे हात शिवशिवायचे.

लॉरी आमच्या ह्यांनी जुनी घेतलेली. तिचा आधीचा ड्रायव्हर म्हशाच्या जत्रेत तापाने फणफणून सीटवरच गेला. लोकांनी पाहिलं तेव्हा तो स्टिअरिंगच्या चाकाला हात लावून बसलेला आणि इंजिन अजून चालू. तो काही उतरला नाही, असं सगळे म्हणायचे. मी दिवसा ह्या गोष्टीला हसायची; तिन्हीसांजेला मात्र लॉरीच्या बाजूने सरपण आणायला जात नसे.

चावी फिरवली की इंजिन कसं चालतं, असं मी एकदा जेवताना ह्यांना विचारलं. ते म्हणाले, चावीने चालतच नाही. लॉरीच्या तोंडाशी असलेलं हँडल फिरवलं की आतला मॅग्नेटो आपल्या आपण वीज करतो आणि ठिणगी पाडतो. चावी बंद केली की ती वीज एका तारेतून लॉरीच्या लोखंडात निघून जाते. ठिणगी पडत नाही, इंजिन थांबतं.

"चावी त्याला जीव देत नाय गो," ते म्हणाले. "चावी त्याचा गळा धरते."

मी भात वाढत होते. अर्धंच ऐकलं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची खंडेनवमी. आदल्या दिवशी मी काथ्या आणि राख घेऊन इंजिन घासायला बसले. भांड्यासारखं लख्ख केलं. घासता घासता एक तार सुटून हातात आली. कुठली ते कळेना. बोलणी बसतील म्हणून मी ती एका नळीमागे खोचली आणि गप्प बसले.

आमच्या घरी पूजा झाली की प्रत्येक हत्यार एकदा चालवायचं. कोयत्याचा एक घाव केळीवर, जात्याचा एक फेरा, आणि लॉरीच्या हँडलचा एक हिसका. चावी देवापुढे पाटावर ठेवलेली असायची, त्यामुळे कुणाला धास्ती नव्हती. अंगण गोठ्याकडे उतरतं आणि ब्रेक कच्चा, म्हणून लॉरी गियरमध्येच उभी असे, चाकांना दगड लावून. त्या दिवशी दगड काढून तिथे लिंबं ठेवली होती.

भरदुपारी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हँडल धरलं. "चावी देवापाशी हाय," ते म्हणाले. "आज ती मुकी." आणि जोर लावून हिसका दिला.

इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. आत कुणी नव्हतं. झेंडूची माळ हलवत, लिंबं चिरडत लॉरी पायी चालल्यासारखी पुढे निघाली. मामंजी तिच्याकडे तोंड करून, हात जोडून मागे सरत होते. ह्यांनी पाटावरची कुंकवाने माखलेली चावी उचलली, आत उडी मारली, चावी घातली, इकडे फिरवली, तिकडे फिरवली. इंजिनाला त्याचं काहीच नव्हतं. मामंजी अडखळून पडले, डावा पाय चाकाखाली गेला, आणि मग लॉरी गोठ्याच्या भिंतीला टेकून विझली.

संध्याकाळी ह्यांनी बॉनेट उघडलं. कंदील माझ्याच हातात होता. ह्यांनी ती तार शोधली, लख्ख इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्या काळ्या नखांकडे. तार जागेवर लावली आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, "तोच होता. आपण त्याला पाट नाय मांडला."

मला ह्यांचा फार राग आला. चार शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

पुढच्या नवमीपासून दोन पाट मांडू लागलो, एक देवाचा, एक त्या ड्रायव्हरचा. मामंजी काठी टेकत लॉरीपाशी येत. त्यांचा पाय दुमडत नसे, म्हणून त्या ड्रायव्हरसाठी आणलेली बिडी माझ्या हातात देत. मी ती वाकून पाटावर ठेवी. मग ते हात जोडून म्हणत, "चुकलं रे माझं. माफ कर."

ते हात लॉरीला जोडत. पण तबक घेऊन मध्ये मी उभी असे, आणि अकरा वर्षं मी तिथून हलले नाही.