मागाच्या ठेक्यावर आमचा बँड

आमच्या मागवाल्यांच्या वस्तीत, सिंधीपुऱ्यात, यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की कॉलेजचं गॅदरिंग आठवतं. आमच्या ‘धुकं’ बँडची सायकेडेलिक रॉक गाणी लांबलचक, तंद्री लावणारी. “यंदा हूटिंग झालं तर बँड बंद,” असं गॅदरिंग बघणाऱ्या सरांनी बजावलं होतं.

सुरुवात होताच पोरं ओरडली, “ओ भाऊ, बारातवालं वाजव ना!”

तेव्हा ड्रमवरच्या सलीमनं घरच्या मागाचा ठेका धरला, खटाक-खट, खटाक-खट. सभागृहात निम्मी पोरं मागवाल्यांचीच. टाळ्या आपोआप पडू लागल्या आणि माझी गिटार त्यावर मनसोक्त भटकली.

मागावर राबणारे माझे वडील कॉलेजात पहिल्यांदाच आले होते. दारातून ओरडले, “दमानं रे, धागा तुटेल!” सगळे हसले, पण गाणं संपेपर्यंत कुणी उठलं नाही आणि बँड वाचला.

घरातला पहिला पदवीधर मी नंतर झालो. पण वडील आणि मी, माग आणि गिटार, मिळून जिंकलो ते त्या संध्याकाळी.