दिवेआगर, मेधा आणि विहिरीचं पाणी

मेधाने "दिवेआगरला येतेस?" विचारलं आणि मी सुट्टी टाकली. एमएस्सीला माझ्याच बाकावर बसून सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली ही बाई आता सरकारी प्रयोगशाळेत साथीच्या जंतूंचे जीनोम वाचते. मी पनवेलच्या लॅबमध्ये लघवीच्या तपासण्या करते. जळते का? हो, जळते.

पनवेलहून माणगाव-म्हसळामार्गे चार-साडेचार तास धरा. माणगावपर्यंत खड्डे, पुढे रस्ता सुंदर. नाश्ता माणगावलाच उरका.

सुपारीच्या वाडीत, पाहुण्यांना घरच्या खोल्या देणाऱ्या काकूंकडे उतरलो. दारातच गूळ-पाणी आलं, विहिरीचं. मेधाने तांब्या रिकामा केला. मी सवयीने म्हणाले, "मला बाटलीचं चालेल."

काकूंचा चेहरा उतरला. "बाटली कशाला? बाईंनी पिलं न्हाय का?"

जेवताना सगळं कळलं. मागे गावात कॉलरा झाला, काकूंच्या विहिरीत जंतू सापडला आणि पाहुणे बंद झाले. साध्या तपासणीत, म्हणजे मी करते तसल्या, विहिरीतला आणि आजाऱ्यांमधला जंतू एकच दिसत होता. मेधाने दोघांचे जीनोम ताडून पाहिले. आजाऱ्यांचा जंतू निराळ्याच घराण्यातला निघाला, आणि तो सापडला सरबतवाल्याच्या बर्फात. विहीर उपसून साफ केली, तरी लोक पाणी घेईनात. तेव्हा मेधा गावासमोर उभी राहून ते पाणी प्यायली.

"त्या दिवसापासनं पाव्हणं परत आलं," म्हणत काकूंनी सुरमईचा मोठा तुकडा मेधाला वाढला. मला शेपटी.

सकाळी किनारा मोकळा, वाळू घट्ट, चालायला मस्त. पण जो तो "डॉक्टरबाई!" म्हणून मेधाला थांबवायचा. ती डॉक्टर नाही हो, हे सांगायला माझी जीभ वळवळत होती.

निघताना खोलीचे पैसे काकूंनी माझ्याकडून घेतले, मेधाकडून नाही. वर विहिरीच्या पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "आता तरी प्या."

प्यायले नाही. सोमवारी ती लॅबमध्ये नेली, कॉलऱ्याच्या जंतूसाठी असते त्या हिरव्या प्लेटवर पाणी पसरलं आणि प्लेट उबेत ठेवली. खरं सांगते, जंतू असला की उगवतो तसा एखादा पिवळा ठिपका उगवावा असं मला वाटत होतं. मेधा एकदा तरी चुकावी.

मंगळवारी सकाळी प्लेट कोरी. मी दुसरी लावली. तीही कोरी. ती टाकताना लक्षात आलं, ठिपका उगवला असता तर काकूंचं घर पुन्हा रिकामं पडलं असतं.

उरलेलं पाणी उभ्याउभ्या प्यायले. गोड आहे. तुम्ही गेलात तर बाटली मागू नका.