पोट भरलेली चिऊ

आमच्या ज्वारीच्या पोह्यांच्या पाकिटावर एक चिमणी आहे. गरगरीत पोटाची, चोच मिटलेली, समोरच्या वाटीकडे ढुंकूनही न बघणारी. अकोल्याचा छपाईवाला ते चित्र बघून हसला होता. म्हणाला, मॅस्कॉट कसा हवा, चमचा घेऊन तुटून पडलेला. ही तर पंगतीतून उठून आल्यासारखी दिसते. बचत गटातल्या बायकाही हसल्या. पण गट चालवणाऱ्या माझ्या मोठ्या जाऊबाई हटल्या नाहीत. रंग बदला, अक्षरं बदला, चिऊला हात लावायचा नाही, एवढंच त्या म्हणाल्या. चित्र माझ्या हातचं, तेव्हा चिऊचा इतिहासही मीच सांगते.

ती पहिल्यांदा काढली तेव्हा आमच्या वडनेर गावात ना गट होता, ना पाकीट. जाऊबाईंची चार वर्षांची नात मुदतीच्या तापातून उठली होती. ताप गेला, पण जाताना भूक घेऊन गेला. मनगटं काडीसारखी झालेली. पोटात अन्न गेलं नाही तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जाऊबाईंनी घरीच ज्वारीचे पोहे केले, दुधात भिजवले आणि हा घास चिऊचा, हा घास काऊचा म्हणत पोरीच्या मागे लागल्या. ती तोंड फिरवायची.

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे अंगात थोडी मिजास आहेच. कागदावर छान चिमणी काढली, चोच उघडी, डोळे वाटीवर, आणि पोह्यांच्या डब्याला चिकटवली. पोर खुलली. आपली वाटी उचलून तिनं त्या डब्याला टेकवून ठेवली.

"चिऊ भुकी हाये," ती म्हणाली. "तिले खाऊ द्या."

आणि बसली की वाट बघत! चिऊचा घास म्हणजे आपणच खायचा असतो, हे आपल्याकडच्या यच्चयावत पोरांना न सांगता कळतं. हिला सांगूनही पटेना. जाऊबाई माझ्यावर जाम चिडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीच नवा कागद पुढ्यात टाकून त्यांनी मला बसवलं.

"आधी तिचं पोट भर," त्या म्हणाल्या. "भुक्या जीवासमोर लेकरू कसं खाईन?"

मी पोट काढलं, चोच मिटवली. पोरीनं त्या पोटावरून बोट फिरवलं. तिची खात्री पटली. घास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबली. आजीकडे बघून म्हणाली, "अन् आजी, तू जेवली?"

नात स्वतःच्या हातानं जेवेपर्यंत धान्याचा कण तोंडात घालायचा नाही, असा जाऊबाईंनी ताप चढला त्या दिवशीच नवस केला होता. चहा आणि दूध, बस. आम्ही सगळे त्यांच्या निग्रहाचं कौतुक करत होतो. अंथरुणावरून कुणी त्यांच्या ताटाकडे बघतंय, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. एवढासा जीव, स्वतःला धड उभं राहवत नव्हतं, आणि घरात कोण उपाशी आहे हे तिला ठाऊक होतं. आजही आठवलं की मी थक्क होते.

जाऊबाईंनी तोवर एकही नवस मोडला नव्हता. कितीतरी वेळ त्या देवघराकडे बघत राहिल्या. मग हलकेच म्हणाल्या, "देवाले मी सांगतो." नातीच्या वाटीतले पोहे घेऊन त्यांनी तोंडात टाकले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या चावत होत्या.

पोर त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. घास उतरल्यावर तिनं आजीला आ करायला लावलं, तोंड नीट तपासलं आणि मग वाटी आपल्याकडे ओढली.